टाकणखाराचं गोड आमिष : दोन उन्हाळे वापरल्यावर

मुंग्यांसाठी साखरपाकातलं बोरॅक्सचं, म्हणजे टाकणखाराचं, जे आमिष डबीत मिळतं ते घ्यावं का, असं आमच्या भागातल्या तीन-चार मराठी घरांनी मला विचारलंय. घ्यावं. पण डबी उघडण्याआधी आपल्याकडे येणारी मुंगी कोणती ते ओळखावं आणि महिना कोणता चाललाय ते बघावं. मी पहिल्या वर्षी यातलं काही बघितलं नव्हतं. डबी ठेवली, रांग गेली, मी निश्चिंत झाले. दुसऱ्या वर्षी त्याच अंगणात माझ्या आईला मुंगी चावली आणि रात्री अकरा वाजता तिला गाडीत घालून न्यावं लागलं. म्हणून चार ओळींत आटोपत नाही, सगळं सांगते.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. टाउनहाउस आहे. मागे खोलीएवढं अंगण, त्याच्या कडेने विटांची रांग, विटांच्या आत पाइनच्या सालीचा जाड थर, आणि कुंपणापलीकडे तीन उंच लॉब्लॉली पाइन. विटा, साल, पाइन या तिन्हींत मुंग्या राहतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये, एका सकाळी ओट्यावर रांग दिसली. सिंकमागच्या फटीतून निघून भिंतीच्या कडेकडेने थेट गुळाच्या डब्यापर्यंत. झाकण घट्ट होतं, पण आट्यांमध्ये गुळाचा चिकट पापुद्रा असतोच, तेवढा त्यांना पुरला. पुसून काढली, तर दुपारी पुन्हा हजर. व्हिनेगर लावून पुसलं, संध्याकाळी खिडकीच्या चौकटीतून. मुंग्या अगदी लहान, जेमतेम अडीच मिलिमीटर, सगळ्या एकाच मापाच्या, फिकट तपकिरी. चावत नाहीत, डंख नाही. फक्त संपत नाहीत.

तीन महिन्यांनी एकदा येऊन फवारणी करणारी एक सर्व्हिस लावली. माणूस वेळेवर आला, सभ्यपणे वागला, घराच्या पायाभोवती फवारा मारून गेला. आठ दिवस एकही मुंगी नाही. नवव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये टूथब्रशच्या पेल्याभोवती रिंगण. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. त्या सर्व्हिसला मी दोन तारे देईन, आणि तेही वेळ पाळण्याचे. मुंगी कोणती हे बघण्यासाठी त्यांच्यापैकी कुणीही वाकलं नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

त्यानंतर मी वाचायला बसले. ही अर्जेंटाइन मुंगी. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातली. १८९१ साली ती न्यू ऑर्लिन्सला आढळली. ब्राझीलहून कॉफी आणणाऱ्या जहाजांतून ती उतरली असं मानतात. हिच्या एकेका वसाहतीत राण्या पुष्कळ असतात, आणि नवं घर करायला राणीला उडावं लागत नाही. थोड्या कामकरी मुंग्या बरोबर घेऊन ती चालत शेजारच्या फटीत जाते आणि तिथे नवा संसार मांडते. फवाऱ्याने मरतात त्या बाहेर फिरणाऱ्या. राण्या भिंतीत सुखरूप. एका फटीत त्रास झाला की दुसरीत. आमचं बाथरूम म्हणजे त्यांचं स्थलांतर होतं.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. एरवी एका वारुळाची मुंगी दुसऱ्या वारुळातल्या मुंगीला सहन करत नाही. हिचं तसं नाही. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत या मुंग्यांची एकच महावसाहत पसरली आहे, एका टोकाची मुंगी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली तरी भांडण नाही. युरोपात इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सहा हजार किलोमीटरची अशीच एक आहे. पण जिथे दोन महावसाहतींची हद्द लागते तिथे मात्र वर्षानुवर्षं लढाई चालते, आणि मेलेल्या मुंग्यांचा खच पडतो. आमच्याकडे, अमेरिकेच्या आग्नेय भागात, यांच्या वसाहती त्या मानाने लहान आहेत. तरी एका टाउनहाउसला पुरून उरतात.

आता आमिषाकडे येते. एका पाकिटात सहा डब्या, किंमत सात डॉलरच्या आसपास. नाव कोणतंही असो, लेबलवर सोडियम टेट्राबोरेट डेकाहायड्रेट म्हणजे बोरॅक्स, आपला टाकणखार, ५.४ टक्के असं लिहिलेलं बघा. बाकी साखरेचा पाक. सगळी करामत त्याच्या मंदपणात आहे. कडक विष असतं तर मुंगी डबीशेजारीच मेली असती. टाकणखाराला वेळ लागतो, तेवढ्यात मुंगी पोटभर पाक घेऊन घरी जाते आणि तोंडाने दुसरीला भरवते, दुसरी तिसरीला, शेवटी राणीला आणि अळ्यांना.

मी दोन डब्या सिंकमागे ठेवल्या आणि स्टूल ओढून बसले. पाच मिनिटांत एक आली, मिशा हलवत पाकाच्या काठाला टेकली. मग तिसरी, दहावी, पन्नासावी. पाकाभोवती अशी कड जमली की मध्ये सुई ठेवायला जागा नाही. भिंगातून बघितलं तर पिता पिता प्रत्येकीचं पोट फुगत होतं, आणि पोटावरचे तपकिरी पट्टे एकमेकांपासून लांब जाऊन मधलं कातडं काचेसारखं पारदर्शक दिसत होतं. भरली की वळायची आणि जड पोटाने हळूहळू परत. येणाऱ्या भराभर, जाणाऱ्या सावकाश, एकाच रांगेत. मी अर्धा तास तिथून उठले नाही.

पहिले दोन दिवस ओटा बघवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुंग्या दुपटीने वाढतात आणि घरातलं प्रत्येक माणूस तुम्हाला म्हणतं की पुसून टाक. पुसायचं नाही. ती रांग म्हणजे त्यांचा रस्ता आहे. तो मोडला तर पाक आत पोचणार कसा? चौथ्या दिवशी रांग विरळ झाली, सातव्या दिवशी डबीत चार-पाच मेलेल्या आणि बाकी काही नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी अंगणात विटांच्या कडेला दोन-दोन डब्या ठेवत गेले. बाहेर ठेवल्या तरच खरा उपयोग, कारण वसाहत बाहेर असते, घरात येतात त्या फक्त दाणागोटा न्यायला.

डबीची घडण मात्र वाईट आहे. वरचं टोक कात्रीने कापायचं असतं, कापताना बोटांनी जरा दाबलं की पाक हातावर. कापल्यावर उभी धरून मगच आडवी करायची, हे लेबलवर ठळक हवं होतं. तिरक्या जागी ठेवली तर रात्रभर गळते, आणि लाकडावर सांडलेला पाक वाळून डिंकासारखा बसतो. खाली प्लास्टिकच्या डब्याचं जुनं झाकण ठेवा. लहान मूल किंवा कुत्रं पोचेल तिथे ठेवू नका.

एक गोष्ट लेबलवर नाही आणि ती मला कढीपत्त्याने शिकवली. आमचा कढीपत्ता कुंडीत आहे, ऑक्टोबरअखेर तो आत खिडकीशी येतो, इथली थंडी त्याला मानवत नाही. नोव्हेंबरात बघते तर घरात पुन्हा मुंग्या, आणि डबीकडे ढुंकून बघत नाहीत. सगळ्या कुंडीवर. पानामागे देठाशी खवले कीड होती, चपटी, तपकिरी, नखाने खरवडली तर निघणारी. ही कीड झाडाचा रस पिते आणि मागून गोड चिकट थेंब सोडते. मुंग्या तो थेंब पितात आणि बदल्यात किडीची राखण करतात, तिला खाणाऱ्या लेडीबगला हुसकून लावतात. घरात ताजा मध मिळत असताना त्या बाजारचा पाक कशाला खातील? मी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक पान पुसलं, दोन रविवार त्यात गेले. त्यानंतर तीन दिवसांत डबीला रांग लागली. मावा असो, पिठ्या ढेकूण असो, खवले कीड असो, आधी ती काढा आणि मग डबी ठेवा.

हिवाळ्यात बाहेरच्या मुंग्या कुठे जातात हेही मी शोधलं. आमच्याकडे अर्जेंटाइन मुंग्या थंडीत पांगलेल्या राहत नाहीत, मोठ्या पाइनच्या बुंध्याशी, ऊन लागणाऱ्या दक्षिण बाजूला, एकत्र गोळा होतात. जानेवारीत एका उन्हाच्या दुपारी कुंपणाबाहेर जाऊन बुंध्यापाशी साल जरा उचलली, आणि खरंच, खाली तपकिरी गालिचा हलत होता. उन्हाळ्यात सगळ्या अंगणाच्या मालक, आणि थंडीत एका झाडाच्या पायाशी. वसंतात तर त्यांच्यात एक फार क्रूर गोष्ट घडते. दक्षिण फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं की दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास कामकरी मुंग्या स्वतःच्याच वसाहतीतल्या जवळजवळ ९० टक्के राण्या मारून टाकतात. ज्या राण्यांना वर्षभर भरवलं त्यांनाच. मी हे वाचून डबीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मार्च आला. मागच्या वर्षीच्या यशाने मला हुरूप होता, म्हणून यंदा लवकर सुरुवात करू असं ठरवून दहा मार्चला विटांशी चार डब्या ठेवल्या. हवा ५५ फॅरनहाइट, ऊन कोवळं. आठवडा गेला, एक मुंगी फिरकली नाही. मला वाटलं पाकीट जुनं झालं. नवं आणलं. तेच.

मग एक वीट सरळ करायला उचलली. खाली ओलसर माती, एक कुजकी फांदी, आणि फांदीच्या भेगेत वेगळ्याच मुंग्या. अर्जेंटाइनच्या दुप्पट लांब, पाच मिलिमीटर तरी असतील, चकचकीत काळ्या, पाय मात्र केशरी-तपकिरी. रांग नाही. एक इकडे, एक तिकडे, जणू एकमेकींशी संबंधच नाही. एकीच्या तोंडात वाळवीचा पांढरा किडा होता. मला तर बरंच वाटलं, वाळवी खाणारी मुंगी म्हणजे फुकटचा पहारेकरी. वीट परत ठेवली. डब्या एप्रिलअखेरपर्यंत तशाच पडून राहिल्या, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात लहान तपकिरी रांग आली तेव्हा ती अंगणाच्या फक्त एका कोपऱ्यात होती. मागच्या वर्षी चारही बाजूंना होती. मी त्याचं श्रेय डब्यांना दिलं.

आई मेमध्ये मिरजेहून आली. तिला बसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच खुरपं आणि माझे बागेतले आखूड हातमोजे घेऊन ती विटांपाशी बसली, तण काढत. मुंग्या दिसल्या तर तिने हाक मारून विचारलं, "अगं, यांना पीठ-साखर घालत नाही का कुणी इथं?" आमच्या मिरजेच्या घरी परसातल्या वारुळाला ती चिमूटभर साखर घालायची, तिची सासू घालायची म्हणून. मी आतूनच म्हटलं, "आई, हात घालू नकोस मातीत, थांब, मी येते." तोवर ती ओरडली. एक काळी मुंगी हातमोज्याच्या कडेखाली, मनगटाशी अडकली होती.

"मुंगी नाही ही," आई म्हणाली, "गांधीलमाशीची कळ आहे." लाल गाठ आली, बर्फ लावला. कळ गेली. अर्ध्या तासाने परत आली, मग पुन्हा गेली. दिवसभर हेच. रात्री साडेदहाला ती माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. मानेवर, पोटावर, मांडीवर गांध्या उठल्या होत्या, ओठ जाड झाला होता. "पित्त उठलंय गं नुसतं, झोप तू," असं म्हणत होती, पण आवाज बसलेला. मी चपला न घालता गाडी काढली. डॉक्टरांनी लगेच उपचार केले, पहाटेपर्यंत ठेवून घेतलं, आणि जाताना अ‍ॅड्रेनॅलिनची पेनसारखी सुई लिहून दिली. ती आता आईच्या पर्समध्ये असते.

ही आशियाई सुईमुंगी. इंग्रजीतही हिला नीडल म्हणजे सुईच म्हणतात. चीन, कोरिया, जपानकडची. अमेरिकेत हिची पहिली नोंद १९३२ सालची, जॉर्जियातल्या डिकेटर गावची. स्वभावाने भांडकुदळ नाही, अंगावर धावून येत नाही. पण कपड्यात, हातमोज्यात, बोटांत दाबली गेली की डंख मारते, आणि काही माणसांना त्याची जीवघेणी अ‍ॅलर्जी होते. जाऊन-येऊन उठणारी कळ ही हिचीच खूण.

ओळखायची युक्ती सोपी आहे आणि मी स्वतः करून बघितली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी स्वच्छ धुवून कोरडी केली, चिमट्याने एक काळी आणि एक तपकिरी आत सोडली. तपकिरी सरळ काचेवरून चढून झाकणाशी पोचली. काळी तळाशी गोल गोल फिरत राहिली, काचेवर पुढचे पाय टेकवायची आणि घसरायची, पुन्हा टेकवायची आणि घसरायची. सुईमुंगीला गुळगुळीत उभ्या काचेवर चढता येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, डबी विकत घेण्याआधी जरूर करा. बोटांनी मात्र उचलू नका.

मग मार्चचं कोडंही सुटलं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एलिनॉर स्पायसर राइस आणि ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी या दोन मुंग्यांची जागेवरून चाललेली चढाओढ अभ्यासली, ते संशोधन २०१३ मध्ये छापून आलं. २००८ साली त्यांच्या पाहणीतल्या ९९ टक्के जागांवर अर्जेंटाइन मुंगी होती आणि ९ टक्के जागांवर सुईमुंगी. २०११ पर्यंत अर्जेंटाइन ६७ टक्क्यांवर आली, सुईमुंगी ३२ टक्क्यांवर गेली. कारण ऋतूत दडलेलं. सुईमुंगीला गारवा चालतो, ती मार्चमध्येच उठून घरं मांडते, शिकार सुरू करते. अर्जेंटाइन मुंगी एप्रिलअखेर किंवा मेमध्ये बाहेर पडते, तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात. शंभर वर्षं जिथे गेली तिथल्या मुंग्यांना हुसकावत आलेली ही मुंगी, आणि तिला मागे सारणारी दुसरी परकीच, फक्त दीड महिना आधी जागी होते म्हणून.

माझ्या चार डब्या दहा मार्चला रिकाम्या का राहिल्या, याचं उत्तर हे. ज्यांच्यासाठी ठेवल्या त्या पाइनच्या पायाशी गोळा झालेल्या होत्या. ज्या जाग्या होत्या त्या शिकारी. त्यांना वाळवी हवी, किडे हवेत, साखरपाण्याची ओढ नाही. त्या वासाची रांगही करत नाहीत. एखादीला मोठं भक्ष्य सापडलं तर ती घरी जाऊन दुसरीला तोंडात उचलते आणि भक्ष्यापाशी आणून सोडते. इतकी वेगळी रीत आहे त्यांची. आणि मागच्या उन्हाळ्यात मी डब्यांनी तपकिरी मुंग्या कमी करून ठेवलेल्या. त्या नसत्या कमी केल्या तरी काळ्या बहुधा आल्याच असत्या, असं त्या संशोधनावरून वाटतं. पण माझ्या अंगणात मी त्यांची वाट झाडून ठेवली, ही रुखरुख मला आहे.

जूनमध्ये त्यांची हद्द मला प्रत्यक्ष बघायला मिळाली. संध्याकाळी सातला, उजव्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या विटेवर. तपकिरी रांग डबीकडे चालली होती. विटेच्या फटीतून एक काळी वर आली आणि रांगेत शिरली. दोघी-तिघींनी तिचा मागचा पाय धरला, एकीने मिशी. काळीने पोट पुढे वाकवून एकीला टोचलं, दुसरीला कमरेत जबड्याने उचललं आणि ओढत फटीकडे निघाली, पायाला लटकलेली एक तशीच मागे फरफटत. फटीत तिघी दिसेनाशा झाल्या. रांग त्या जागेपासून बोटभर लांबून वळली आणि पुढे तशीच वळत राहिली. दुसऱ्या दिवशी ती विटेवरूनच जायची बंद झाली.

सुईमुंगीसाठी गोड डबी बाद. त्यांना प्रथिनांचं दाणेदार आमिष लागतं, हायड्रामेथिलनॉन घातलेलं. विद्यापीठातल्या प्रयोगांतही सुईमुंगीवर हेच वापरलं होतं. मी ते जूनच्या शेवटी वापरलं. कोरडी जमीन हवी, पुढचे एक-दोन दिवस पाऊस नको, आणि उन्हात हे औषध लवकर निकामी होतं, म्हणून सूर्य कलल्यावर टाकायचं. सगळ्या अंगणात उधळायचं नाही. मी फक्त विटांखाली आणि त्या कुजक्या फांदीपाशी चमचा-चमचा टाकलं. भाजीच्या वाफ्यात तर अजिबात नाही. तीन आठवड्यांनी विटा उचलल्या तेव्हा सातपैकी पाच जागा रिकाम्या होत्या.

हे जपून टाकायला मी का सांगते? दाणे मुंगी बघून विष देत नाहीत. आमच्या भागातल्या जंगलात मूळच्या मुंग्या आहेत, त्या रानआल्यासारख्या झाडांचं बी वाहून नेतात. बीला तेलकट खाऊ चिकटलेला असतो, मुंगी तो खाते आणि बी मातीत टाकते, तिथे झाड येतं. सुईमुंगी शिरली की या मुंग्या कमी होतात आणि बी झाडाखालीच पडून राहतं. म्हणजे सुईमुंगी आवरायला हवी, पण आवरताना याच बिचाऱ्या मेल्या तर काय मिळवलं? कुणाच्या अंगणामागे झाडी असेल त्याने दाणे झाडीत फेकू नयेत. औषधाआधी कुजकी लाकडं आणि ओंडके उचला, भिंतीलगतचा सालीचा थर पातळ करा, तिथेच त्यांची घरं असतात. मी साल चार इंचांवरून दोन इंचांवर आणली, खर्च शून्य.

आई येताना आपल्याकडचा मुंग्यांचा खडूही घेऊन आली होती. नोंदणी नसलेले असे कीटकनाशक खडू इथे विकायला मनाई आहे आणि ते मुलांच्या हाती लागले तर खेळण्यातल्या खडूसारखेच दिसतात. आणूच नका. तसंही रेघेने रांग वळते, राणीला काही होत नाही.

तारे द्यायचेच तर अर्जेंटाइन मुंगीसाठी, मे ते ऑक्टोबर, या गोड डबीला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या कापायच्या टोकाचा कापला. मार्चमध्ये ठेवायला शून्य, पैसे वाया. सुईमुंगीसाठीही शून्य, आणि त्यात डबीची चूक नाही, ती त्यांचं जेवणच नाही. दाण्यांना साडेतीन, हात आखडून वापरणार असाल तर. लाल डोंगळ्यासारखी आग्यामुंगी मातीचा ढिगारा करून राहत असेल तर ती तिसरीच, तिचं औषध वेगळं, हे वाचून तिच्यावर डबी ठेवू नका.

यंदा आठ मार्चला मी पहिली वीट उचलली, हातात जाड मोजे, पायात बूट. दोन काळ्या होत्या, फांदी नव्हती. त्यांच्यापुरते दाणे त्याच संध्याकाळी टाकले. गोड डब्यांचं पाकीट कपाटात आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात काढेन. आई जूनमध्ये येतेय. तिच्यासाठी कोपरापर्यंत पोचणारे, मनगटाला इलॅस्टिक असलेले हातमोजे आणून ठेवलेत, आणि फोनवर तिला सांगितलंय की मी सोबत असल्याशिवाय विटांपाशी बसायचं नाही.